थंडीत आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन एक दिवस : मुंबईजवळ कुठे जावं?

कांजूरची

नमस्कार मंडळी. आम्ही घरचे सहा जण. मी, नवरा, सासू-सासरे, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. राहायला कांजूरमार्ग पूर्वेला, गाडी नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी महिन्यातून एक सुट्टीचा दिवस सगळ्यांनी मिळून बाहेर घालवायचा असं ठरवलं आहे. सकाळी निघायचं, रात्रीच्या जेवणाला घरी. मुक्काम नको.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर सावकाश तासभर चालतात, पण पायऱ्या उतरताना हाल होतात. सासरे निवृत्त शिक्षक, त्यांना इतिहासाची ओढ. मुलाला प्रश्न फार पडतात आणि धाकटी दुपारी दोन वाजता झोपली नाही तर संध्याकाळ सगळ्यांचीच जाते.

रिसॉर्ट, वॉटर पार्क नकोत. लोणावळाही नको. शिलाहार, पोर्तुगीज, पेशवे ही नावं मुलगा पुस्तकात वाचतो, पण त्यांच्या खुणा लोकलने जाण्याइतक्या जवळ आहेत हे त्याने डोळ्यांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं. सुचवाल का?

सातवा_डबा

जागा इतर लोक सांगतीलच, मी रेल्वेचं सांगतो. रविवार धरताय तर शनिवारीच मेगाब्लॉकची बातमी बघून ठेवा. मध्य रेल्वेवर ब्लॉक बहुतेक उशिरा सकाळी सुरू होतो आणि दुपार संपेपर्यंत चालतो. म्हणजे आठच्या आत गाडीत बसा आणि परतीला घाई करू नका. जमत असेल तर शनिवार घ्या.

आणि वार बघा. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. नोकरदार माणूस हौसेने सोमवारची रजा टाकतो आणि फाटकावरून परत येतो, असं बरेचदा होतं.

वसईगावकर

तुमच्या घरासाठी वसईचा किल्ला. थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक इथे येऊन लग्नाआधीचे फोटो काढतात आणि किल्ला न बघताच जातात. आम्हा गावकऱ्यांना त्याचं वाईट वाटतं.

पहिली गोष्ट सासूबाईंच्या गुडघ्यांची. हा डोंगरी किल्ला नाही, भुईकोट आहे. तिन्ही बाजूंनी पाणी आणि दलदल होती, म्हणून तटबंदी सपाटीवर. आतून रस्ता जातो, रिक्षा आतपर्यंत येते. भिंतींच्या कडेने झाडांची सावली आहे. त्यांना वाटेल तिथे बसता येईल आणि बाकीच्यांनी फिरून यावं.

सासऱ्यांसाठी : १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि ती त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी झाली. हे नुसतं ठाणं नव्हतं, तटाच्या आत पूर्ण शहर होतं. म्हणून आत एक नाही, अनेक चर्चचे अवशेष दिसतात. डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट, प्रत्येक पंथाचं वेगळं. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत कोरीव थडग्यांच्या शिळा आहेत, पोर्तुगीज अक्षरं अजून वाचता येतात. मुलाला त्यावरची सालं शोधायला लावा, तासभर हलणार नाही.

मग १७३७. त्या वर्षी मराठ्यांनी ठाणे शहर आणि साष्टी बेट घेतलं. तुमचं कांजूर त्याच साष्टीत येतं, हे मुलाला जरूर सांगा. वसई मात्र दोन वर्षं झुंजली. चिमाजी अप्पांच्या फौजेने तटाखाली सुरुंग लावले, दोन्हीकडची माणसं फार गेली, आणि मे १७३९ मध्ये किल्ला पडला. शरण आलेल्या पोर्तुगीजांना चीजवस्तूंसह जाऊ दिलं. इथल्या चर्चच्या घंटा पुढे देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा वसईच्याच मानल्या जातात. सासऱ्यांनी त्यांतली एखादी पाहिली असेलच.

दुसरी बाजूही मुलांना कळावी. वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला हुतात्मा झाला आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत तो. किल्ल्यात त्याच्या नावाचं चर्च आहे. तटाच्या आत देवळंही आहेत, नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं. एकाच चालीत हे सगळं दिसतं आणि गावात आजही हे सगळे शेजारी आहेत.

कसं यायचं : दादरला उतरून विरार लोकल धरा. सुट्टीच्या सकाळी उलट्या दिशेला बसायला जागा मिळते. वसई रोडला पश्चिमेला उतरून बस किंवा रिक्षा. नऊला किल्ल्यात असा, बारापर्यंत भरपूर होतं. पाणी घरून आणा. परतताना बाजारात सुकेळी घ्या, राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती. चार वर्षांच्या मुलीच्या हातात वेफर्सच्या पुड्यापेक्षा बरी.

तिथून पुढे समुद्रावर जायचा मोह होईल. नका जाऊ. एका दिवसात एकच जागा ठेवा, धाकटी गाडीत झोपेल आणि सगळे हसत घरी पोचाल.

पोढी

वसईला अनुमोदन, आणि शेवटच्या वाक्याला दोनदा अनुमोदन.

मी कान्हेरी सुचवणार होते. गुडघे वाचून थांबले. बोरिवलीच्या फाटकापासून लेण्यांपर्यंत बस असते, पण नंतर कातळातल्या पायऱ्या आहेतच. तरीही मुलाला आणि आजोबांना घेऊन फक्त तुम्ही दोघं जाणार असाल तर जा. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह खाली बसथांब्याजवळच आहे, तिथल्या उंच बुद्धमूर्ती बघून मान दुखेल. पण त्याहून मोलाचं म्हणजे पाणी. शंभराहून जास्त लेणी, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या दाराशी कातळात खोदलेली पोढी. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळींतून या टाक्यांत आणलेलं. शेकडो भिक्षू इथे वर्षभर राहत होते ते या पाण्यावर. "नळ नव्हता तर काय करायचे?" या प्रश्नाचं उत्तर तिथे दगडात आहे.

भाऊचा_धक्का

घारापुरी कुणीच कशी सांगितली नाही? गेटवेहून लाँच, सुमारे तासाभराचा प्रवास, मुलं त्यावरच खूश. जेटीपासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. सदाशिवाची ती वीसेक फूट उंच त्रिमुखी मूर्ती समोर आली की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. खाणं पिशवीत बंद ठेवा, माकडं हातातून ओढतात.

पोढी

@भाऊचा_धक्का, जागा अप्रतिमच. पण डोलीत बसायला सगळ्या सासूबाई तयार होत नाहीत. आमच्याकडच्या "दुसऱ्याच्या खांद्यावर मी बसणार नाही" म्हणाल्या आणि त्यांचंही बरोबर होतं. आधी त्यांना विचारा, तिथे पोचल्यावर नाही. शिवाय लाँचमध्ये चढता-उतरताना बोट हलते, त्या वेळी त्यांच्या दोन्ही बाजूंना माणूस हवा.

घारापुरीला जायच्या आधी एखाद्या संध्याकाळी मुलांना राणीच्या बागेत न्या. पेंग्विन बघतीलच, पण तिथे एक मोठा दगडी हत्ती उभा आहे तो दाखवा. हा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना साखळदंड तुटून तो फुटला आणि इथेच राहिला. पुढे १९१४ मध्ये तुकडे जोडून उभा केला. आधी हत्ती, मग बेट, या क्रमाने दाखवलं की मुलांना ते बेट परकं वाटत नाही.

बदलापूर_लोकल

अंबरनाथचं शिवमंदिर. तुमच्याच मध्य रेल्वेवर, स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की रिक्षाने थोडकं अंतर. शिलाहार हवे होते ना? शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे, राजा मुम्मुणीच्या काळातला. बाहेरच्या भिंती नखशिखांत कोरलेल्या. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, तेव्हा सासूबाईंनी मंडपातूनच दर्शन घ्यावं. शिखर पूर्ण नाही, त्यामुळे पिंडीवर थेट आभाळ दिसतं. महाशिवरात्रीला जाऊ नका, यात्रेत काही बघता येत नाही. हा अर्ध्या दिवसाचा बेत आहे, दुपारच्या जेवणाला घरी. कुणाला सर्दी-खोकला असेल त्या महिन्यासाठी हा राखून ठेवा.

मुलुंड_टोलनाका

अहो, तुमच्या खाडीपलीकडे रोहित पक्षी उतरतात आणि तुम्ही विरारपर्यंत कशाला शोधताय! मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला की वनखात्याचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. खारफुटीतून चालायला लाकडी वाट आहे, चिखलातले खेकडे आणि निवट्या मुलांना तासन् तास गुंतवतात. फ्लेमिंगो नोव्हेंबरपासून येऊ लागतात, पण थवे बघायचे तर जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत जा. बोट भरती-ओहोटी पाहून सोडतात, त्यामुळे आधी वेळ घ्या. २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान मिळाला. एकीकडे लोकल, एकीकडे पूल आणि मध्ये हजारो गुलाबी पक्षी, ही आपल्या शहराची श्रीमंती आहे. सासूबाईंसाठीही उत्तम, पायऱ्यांचा प्रश्नच फारसा येत नाही.

कांजूरची

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! सासऱ्यांना वाचून दाखवलं. नारोशंकराची घंटा त्यांनी पाहिली आहे, आता वसईला जायचंच म्हणतात. म्हणून डिसेंबरला वसई, फेब्रुवारीला ऐरोली. सासूबाईंनी डोलीला स्पष्ट नकार दिला, तेव्हा घारापुरी सध्या नाही.

पण लाँच ऐकून मुलगा ऐकायला तयार नाही. जानेवारीत मांडव्याला लाँचने जाऊन अलिबागचा कुलाबा किल्ला एका दिवसात होईल का? ओहोटीला चालत जाता येतं असं ऐकलं आहे. तिथे जाऊन पाणी भरलेलं असेल तर काय, याची काळजी वाटते.

चौलकर

ताई, होईल. गेटवेहून मांडवा, आणि लाँचच्या तिकिटातच पुढे अलिबागपर्यंत बस असते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोही आहे, ती मोठी असल्यामुळे कमी हलते. सासूबाईंच्या दृष्टीने मी रो-रो धरेन, मात्र मांडव्याहून पुढच्या बसचं आधी विचारून घ्या.

आता पाण्याचं. कोकणात जुनी माणसं घड्याळ न बघता हिशेब करतात. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा तास, दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. यावरून बघा, पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी अगदी पहाटे आणि थेट संध्याकाळी येते, दिवसभराच्या सहलीला निरुपयोगी. अष्टमी-नवमीला ओहोटी दुपारी येते खरी, पण भांगाचं पाणी, पुरेसं मागे हटत नाही. तुम्हाला हवी पंचमी किंवा षष्ठी. घरातलं कालनिर्णय काढा आणि जानेवारीत पंचमी-षष्ठीला आलेला शनिवार-रविवार शोधा. मुलाकडूनच गणित करून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी छापील भरतीचं कोष्टकही ताडून बघा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

पंचमीला पहिली लाँच धरायलाच हवी, षष्ठीला पाऊण तास जास्त मिळतो. ओहोटीत वाळू घट्ट असते, तरी दगडांवर शेवाळ आहे. सासूबाईंना घोडागाडीने न्या, किल्ल्याच्या दारापर्यंत जाते. आत १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे आणि गोड्या पाण्याची विहीर. चारी बाजूंना खारं पाणी असताना आत गोडं कसं, हे मुलगा विचारेलच.

परतताना गावात चुंबकीय वेधशाळेची इमारत बाहेरून दाखवा. मुंबईत कुलाब्याला ही निरीक्षणं व्हायची. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या प्रवाहाने उपकरणं बिघडली असती, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला आणलं. बांधकामात लोखंड वापरलेलं नाही. नऊ वर्षांच्या मुलाला हे किल्ल्याइतकंच आवडेल.

एक नियम मात्र पाळा. पूर्ण ओहोटीची वेळ उलटून तास झाला की किल्ल्यातून निघायचं, फोटो राहिले तरी चालतील. पाणी मधल्या सखल भागात आधी भरतं आणि ते किनाऱ्यावरून दिसत नाही. घोडागाडीवाल्याने "आता चला" म्हटलं की लगेच चला, त्याच्याशी वाद घालू नका.