मदत हवी आहे: आप्पांचा खांदा जाम होत चाललाय, फिजिओकडे न्यायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी चोपडा तालुक्यातला, नोकरीमुळे पुण्यात असतो. आप्पा ५८ वर्षांचे, शुगर आहे सहा-सात वर्षांपासून, घरची केळी आणि थोडा कापूस. पोळ्याच्या आसपास उजवा खांदा दुखायला लागला, फवारणीचा १६ लिटरचा पंप मारून मारून असेल असं सगळ्यांनीच धरलं, मग मेडिकलमधून गोळ्या, मग मलम, मग एका नस बसवणाऱ्याने हात असा काही हिसडला की ते रात्रभर ओट्यावर बसून होते. आता दिवाळीला आलो तर बघतो, बंडी माय घालून देते. आधी दुखरा हात बाहीत, मग डोकं, मग चांगला हात, आणि हे इतकं सवयीने चाललंय की दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही. टोपीसुद्धा डाव्या हाताने घालतात, तेही कोणी बघत नाही ना बघून.

फिजिओथेरपीचं नाव काढलं की, "माले काही नही व्हयेल शे, हात वरखाली कराना पैसा कोन दी?"

दुखणं कमी झाल्यावर न्यावं की आत्ताच? आणि तयार कसं करावं?

प्रतिसाद १
मी फिजिओ आहे, धुळ्यात. बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही पण शुगर, हे वय आणि बाही घालता न येणं, यावरून फ्रोजन शोल्डरचा, म्हणजे खांद्याचा सांधा आखडण्याचा, संशय येतो. शुगरवाल्यांना तो जास्त होतो. एक करून बघा, कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवायला सांगा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. नाही गेला तर तुम्ही हळूच नेऊन बघा, जोर नको. तुमच्यानेही जात नसेल तर सांधाच आखडलाय. तुम्ही नेल्यावर जातो पण त्यांना स्वतःला नेता येत नाही, तर स्नायूची दोरी फाटली असू शकते, ते वेगळं प्रकरण. दुखणं थांबायची वाट बघू नका. यात दुखणं आपोआप कमी होतं हो, पण तोवर खांदा जखडलेला असतो आणि मग सुटायला वर्ष-दीड वर्षही जातं. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून एक्स-रे आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. फिजिओकडे बीपीटी ही फिजिओथेरपीची डिग्री आणि महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का ते विचारा, लाजू नका. आणि तो हिसडणारा बंद म्हणजे बंद. खांद्यासोबत छातीत दाब, घाम, दम असं काही झालं तर मात्र हे सगळं सोडून थेट दवाखाना गाठा.

प्रतिसाद २
माझ्या सासूबाईंचं हेच झालं, आम्ही आठ महिने काढले "वयाचं आहे" म्हणत. नंतर फिजिओने भिंतीवर बोटं चढवायला लावली, रोज पोचतील तिथे पेन्सिलने खूण. स्वयंपाकघराची भिंत पार रेघारेघांची झाली पण खुणा वर सरकताना दिसल्या की म्हातारं माणूस स्वतःच करायला लागतं. तुझ्या आप्पांना आजाराचं नको सांगूस भाऊ, पंपाचं सांग. पंप परत मारायचाय की मजूर लावायचा कायमचा, एवढंच विचार.

धागाकर्ता
दोघांचे आभार. आत्ताच ओट्यावर करून बघितलं. डावा पंजा मस्त बाहेर गेला, उजवा समोरच अडकला, मी धरून नेला तरी नाही. आप्पा बराच वेळ दोन्ही हातांकडे बघत बसले. मग ताईंनी सांगितलं तसं मजुराचं काढलं, त्यावर फवारणीच्या मजुरीला शिव्या घालून झाल्या आणि शेवटी मायला म्हणाले, सोमवारनी जळगावनी गाडी कितला वाजता शे?

तर आता सांगा, शुगरचे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आहे, अजून काय काय सोबत घेऊ? आणि गोळी घेऊन जावं की दुखतं ते डॉक्टरांना दिसावं म्हणून तसंच न्यावं?