शब्दचर्चा : ‘हलकी ताडपत्री’ म्हणावे का, आणि ‘टिकाऊ नाही’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न (जळगाव) :
आमच्या गिर्यारोहण मंडळासाठी सातपुड्यातील मुक्कामाच्या सामानाची माहितीपत्रिका मराठीत तयार करीत आहे. ‘अल्ट्रालाइट टार्प’साठी, म्हणजे मुक्कामात डोक्यावर ताणून बांधायच्या अगदी कमी वजनाच्या कापडासाठी, मी ‘हलकी ताडपत्री’ असे लिहिले, तेव्हा मंडळातील ज्येष्ठांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, आपल्याकडे ‘हलका माल’ म्हणजे कमी प्रतीचा माल, आणि ताडपत्री म्हटली की कापसाच्या गाडीवर टाकायचे जाड प्लास्टिकच डोळ्यांसमोर येते. शिवाय या कापडांच्या उणिवा सांगताना जो तो ‘टिकाऊ नाही’ एवढेच लिहून थांबतो, तेही मला अपुरे वाटते. जाणकारांनी शब्द सुचवावेत.

उत्तर (धुळे) :
हरकत रास्त आहे. आपल्या कापडबाजारात कोणी ‘जरा हलकं दाखवा’ म्हटले, तर दुकानदार कमी किमतीचे कापड काढतो, कमी वजनाचे नव्हे. मी ‘तलम’ हा शब्द सुचवितो, कारण तो बारीक सुताच्या विणीचा गुण सांगतो आणि येथे मुद्दा तोच आहे. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. या कापडांचा धागा बहुधा १५, २० किंवा ३० डेनिअरचा असतो. म्हणजे २० डेनिअरचा नऊ किलोमीटर धागा अवघा २० ग्रॅम भरतो. बाजारातील २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅमची) ३ बाय ३ मीटरची ताडपत्री १ किलो ८०० ग्रॅमची होते, तर त्याच मापाचे सिलिकॉन मुरवलेले तलम नायलॉन ४०० ग्रॅमच्या आसपास बसते.

डायनीमा कॉम्पोझिट नावाचे कापड याहून हलके, सुमारे १६० ग्रॅमचे होते. पण त्याला तलम म्हणता येणार नाही, कारण ते विणलेलेच नसते. पॉलिएस्टरच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये अतिशय बळकट पॉलिथिलीनचे तंतू आडवेउभे अंथरून ते चिकटवलेले असते. त्याचे जुने नाव ‘क्यूबेन’. १९९२ मध्ये अमेरिकाज कप ही शिडाच्या नौकांची शर्यत जिंकणाऱ्या ‘अमेरिका क्यूब्ड’ या नौकेच्या शिडांशी त्या नावाचा संबंध आहे, आणि हे कापड मुळात शिडांसाठीच घडले, हे त्याचे दोष समजून घेताना विसरू नये.

आता ‘टिकाऊ’विषयी. हा शब्द एकच प्रश्न विचारतो, किती दिवस? मुक्कामाला निघालेल्या माणसाला मात्र हवे असते ते हे की, कापड कशाने आणि कसे जाईल. त्यासाठी आपल्या भाषेत स्वतंत्र क्रियापदे आहेत आणि ती वापरावीत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

नायलॉन सैल पडते. मध्यम दमट हवेत ते स्वतःच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के ओलावा धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. पावसात भिजल्यावर नायलॉन लांबीला वाढते. संध्याकाळी ताठ बांधलेल्या टार्पाला पहाटे मध्यभागी झोळ आलेला असतो, त्या झोळात पाणी साचते आणि कापड अंथरुणाला टेकते. हे फाटणे नव्हे, गळणेही नव्हे. निजण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा एकदा ताणल्या की निम्मे काम होते. पॉलिएस्टरमध्ये हा दोष फारच कमी आहे, मात्र तेवढ्याच डेनिअरचे नायलॉन त्याच्याइतके सहज फाटत नाही, कारण ते आधी ताणले जाऊन झटका पचवते.

उन्हाने कापड विरते. खानदेशातल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात हे सर्वांत महत्त्वाचे क्रियापद आहे. अतिनील किरणांनी नायलॉनचा धागा आतून दुबळा होतो. जाड कापडात वरचा थर खालच्याला काही काळ वाचवतो, तलम कापडात तसे राखीव काहीच नसते. रंग जरासा उतरण्यापलीकडे वरून काही दिसत नाही आणि एखाद्या वावटळीत ते सरळ चिरत जाते. म्हणून असे कापड दिवसभर सावलीसाठी ताणून ठेवू नये. त्या कामाला आपली नेहमीची ताडपत्रीच योग्य, आणि ती फार स्वस्तही पडते.

डायनीमा कॉम्पोझिटचे पापुद्रे सुटतात. ते भिजून सैल पडत नाही, ताणाला अत्यंत बळकट असते, पण घासण्याला कच्चे. जेथे ते काठीच्या टोकावर टेकते किंवा जेथे घडी पुन्हा पुन्हा त्याच रेषेवर पडते, तेथे आधी पांढुरका, धूसर डाग येतो. उजेडासमोर धरले तर त्या डागात तंतूंची जाळी उघडी पडलेली आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. त्यावर त्याच कापडाची चिकटपट्टी लावली की दुरुस्ती होते. ताण नसलेल्या जागी ती चांगली टिकते. पोळणे हाही त्याचा दोष आहे. आतले तंतू सुमारे १५० अंश सेल्सिअसला वितळतात, त्यामुळे शेकोटीची ठिणगी उडाली की तेथे भोक पडलेच समजावे.

‘रिपस्टॉप’ला कृपया ‘न फाटणारे’ असे लिहू नये. विणीत ठरावीक अंतरावर जाड धाग्यांच्या चौकटी असतात आणि त्यामुळे बाभळीच्या काट्याने पडलेली चीर पुढे पसरायला अडते, एवढेच. ‘चीर रोखणारी वीण’ हे पुरेसे आहे.

उत्तर (शहादा) :
वस्तूसाठी ‘पाल’ हा शब्द का घेऊ नये? सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे व्यापारी दोन काठ्या उभ्या करून, वर कापड टाकून मुक्काम करतात, त्याला आपण पालच म्हणतो आणि टार्पाची रचनाही तीच आहे. ‘तलम कापडाचे पाल’ म्हटले की अर्थ पोहोचतो. फक्त रावेर तालुक्यातील पाल या गावी जाणार असाल, तर वाक्य जरा जपून करावे लागेल.

धुळेकर भाऊंच्या यादीत पाझरणे आणि गळणे यांतील फरक मी जोडू इच्छितो. कापडावरचा लेप झिजला की पाणी सर्वभर दमटपणे उतरते, ते पाझरणे. शिवणीतल्या सुईच्या छिद्रांतून थेंब पडतात, ते गळणे. सिलिकॉनच्या कापडाला सिलिकॉनखेरीज काहीच नीट चिकटत नाही, त्यामुळे त्याच्या शिवणी सिलिकॉननेच बुजवाव्या लागतात. नवे टार्प गळले म्हणून लोक कापडाला दोष देतात, पण बहुतेक वेळा शिवणी बुजवायच्याच राहिलेल्या असतात.

प्रश्नकर्ता :
दोघांचे आभार. ‘पाल’ आणि ‘तलम’ दोन्ही घेतो. एक शंका राहते. ‘सिलपॉली’ आणि आपल्या दुकानांत मिळणारे ‘सिलपॉलिन’ एकच का?

उत्तर (धुळे) :
नाही, आणि हा खुलासा पत्रिकेत ठळकपणे छापावा. सिलपॉलिन हे प्लास्टिकच्या थरांपासून बनवलेल्या ताडपत्रीचे व्यापारनाव आहे. शेततळ्याला आणि धान्य झाकायला ती उत्तम, पण तिचा सिलिकॉनशी संबंध नाही. सिलपॉली म्हणजे सिलिकॉन मुरवलेले विणलेले पॉलिएस्टर. नावाच्या साम्यावर विसंबून कोणी चुकीची वस्तू पाठीवर घेऊन तोरणमाळ चढू नये.

आणखी एक क्रियापद घ्यावे : चिकचिकीत होणे. पॉलियुरेथेनचा लेप असलेले कापड ओलसर घडी करून माळ्यावर ठेवले, तर उष्णता आणि ओलावा मिळून तो लेप विघटित होतो. घडी उलगडताना थर एकमेकांना चिकटतात आणि आंबूस, उग्र वास येतो. तो लेप पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. सिलिकॉनला हा धोका नाही, तरीही कोणतेही पाल पूर्ण वाळवून, घट्ट घडी न घालता सैल पिशवीत ठेवावे.