मदत हवी आहे: पासवर्डमधल्या @ आणि $ मुळे इन्स्टॉलेशन अडतंय

नमस्कार मंडळी, दोन दिवस डोकं खाजवतोय, सुटत नाहीये.

सर्व्हरवर एक सॉफ्टवेअर बसवतोय, मागे पोस्टग्रेसचा डेटाबेस आहे. इन्स्टॉलर पासवर्ड मुकाट्याने घेतो आणि शेवटच्या टप्प्यावर 'होस्ट (म्हणजे डेटाबेस जिथे चालतो ते मशीन) सापडत नाही' म्हणून बंद पडतो. आधी नेटवर्कवरच संशय घेतला, पोस्टग्रेसचा पोर्ट 5432 तपासला, तो उघडा होता. मग लॉग (इन्स्टॉलरने लिहिलेली नोंद) नीट वाचला, तर होस्टच्या नावात चक्क माझ्या पासवर्डचं शेपूट! डेटाबेसला जोडणाऱ्या यूआरएलमध्ये आधी युजर आणि पासवर्ड असतो आणि @ नंतर होस्ट सुरू होतो, त्यामुळे पासवर्ड तिथेच तुटला.

@ ऐवजी %40 (यूआरएलमध्ये @ लिहायचा कोड) लिहून पाहिलं. पण इन्स्टॉलर तोच पासवर्ड डेटाबेसचा युजर बनवतानाही वापरतो, तिथे %40 जसंच्या तसं बसतं आणि पुढे डेटाबेसमधला आणि यूआरएलमधला पासवर्ड जुळत नाहीत. शिवाय इन्स्टॉलरच्या शेल स्क्रिप्टमध्ये (कमांडच्या फाइलमध्ये) $ म्हणजे व्हेरिएबलची सुरुवात समजली जाते, तो वेगळाच ताप.

नुसती अक्षरं-आकडे ठेवले की सगळं सुरळीत चालतं. मग आत्ता तसाच, पण चांगला लांब पासवर्ड कायमचा ठेवू, की नंतर डेटाबेसमध्ये आणि सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये हाताने बदलू? बदलला तर अपडेटच्या वेळी पुन्हा मोडेल का? कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.