मदत हवी आहे: मंडळीच्या मुलींना घेऊन केनियाला स्पोर्ट्स मिशनवर जायचंय

सर्वांना सलाम.

मी नगरची (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय नाही). माध्यमिक शाळेत पीटी शिकवते. आमच्या मंडळीचा (म्हणजे चर्चचा) तरुण संघ मे महिन्यात बारा दिवस केनियाला चाललाय. सकाळी फुटबॉलचं शिबिर, संध्याकाळी गाणी, साक्ष, प्रार्थना. पाच दिवस नैरोबी, बाकीचे किसुमू, म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. आठ मुलगे, सहा मुली, त्यातल्या चौघी अठराच्या आतल्या. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, मुलींबरोबर तुम्हीच जा." मी हो म्हणून बसले. मी स्वतः आजवर विमानात पाय ठेवलेला नाही.

अडचणी अशा:

व्हिसा आता नाही, ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा परवाना, काढायचा असतो एवढं कळलंय. आयोजक म्हणतात, कारणाच्या जागी 'पर्यटन' टाका, 'मिशन' लिहिलं की फाटे फुटतात. मला हे पटत नाही.

पिवळ्या तापाच्या लशीबद्दल तेच म्हणतात, मुंबईहून थेट विमान आहे, गरज नाही. खरं का?

पालकांच्या संमतीपत्रावर दोघांच्या सह्या हव्यात म्हणे. एका मुलीचे वडील सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेत. सही कुठून आणू?

आणि आता खरी गाठ. आम्ही फुटबॉल शिकवणार म्हणजे नक्की कुणाला? आमची पोरं जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत घरी येतात. बरं, सुवार्ता म्हणावी, तर २०१९च्या जनगणनेत तिथले शंभरातले पंच्याऐंशी लोक ख्रिस्तीच निघाले. अमेरिकन मिशन १८३१ साली नगरला आलं, माझी पणजी त्यांच्याच शाळेत अक्षरं गिरवायला शिकली. त्या ऋणाबद्दल दुमत नाही. पण 'आम्ही द्यायला आलोय' हा थाट तेव्हाही काहींना टोचला होता, तो आता आपल्या अंगात यायला नको. तिकिटांसाठी मंडळीतल्या बायकांनी चार रविवार उपासनेनंतर वडे तळून विकलेत. माझ्या मनगटावर चटका अजून काळा आहे. ते पैसे पोरांच्या सहलीवर गेले असं कुणी म्हणायला नको.

धर्मांतरावर वाद घालायचा असेल तर कृपया वेगळा धागा काढा.

प्रवासी_पक्षी

ताई, लशीत अजिबात चालढकल नको. प्रश्न जाण्याचा नाही, परतण्याचा आहे. भारताच्या यादीत केनिया पिवळ्या तापाचा देश आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत इथे उतरलात आणि पिवळं कार्ड, म्हणजे लशीचा दाखला, नसेल, तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत. विमान थेट असो नाहीतर अदिस अबाबावरून. कार्ड लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं, म्हणून जाण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून काही उपयोग नाही. लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते, एकदा घेतली की जन्मभर चालते. कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

किसुमूला मलेरिया आहे, नैरोबीच्या मानाने बराच. त्याच्या गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि परतल्यावर सांगतील तितके दिवस चालू ठेवा. घरी आलं की पोरं गोळ्या सोडतात, हा माझा अनुभव.

तारीख_पे_तारीख

वडिलांची सही: पासपोर्टसाठी आईने एकटीने घोषणापत्र दिलेलं चालतं, त्यासाठी ठराविक नमुना आहे. त्याच धर्तीवर प्रवासासाठीही आईचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र करा. त्यात वडील कधीपासून संपर्कात नाहीत, मुलगी कुणाबरोबर, कोणत्या तारखांना, कुठे चालली आहे हे स्पष्ट हवं. सोबत जन्मदाखला. कागद इंग्रजीत करा, तिथला अधिकारी मराठी वाचणार नाही.

ईटीएबद्दल तुमचं मन सांगतंय तेच बरोबर. बोलावणाऱ्या चर्चचं पत्र घ्या, त्यात शिबिराचं स्वरूप, तारखा आणि पत्ता असू दे, आणि अर्जात तेच लिहा. चौदा जण एकसारखे टीशर्ट घालून, पिशवीभर फुटबॉल घेऊन उतरणार आणि म्हणणार सिंह बघायला आलोय? अल्पवयीन मुली बरोबर असताना खोटं लिहून ठेवू नका, ते तुमच्या सहीने असणार आहे.

पार्कलँड्सकर

नैरोबीत बावीस वर्षं आहे, मूळचा सांगलीचा. बाई, काही गोष्टी आयोजकांच्या डोक्यात दिसत नाहीत.

मे म्हणजे इथला लांब पावसाळा, मार्च ते मे. मैदानं चिखल. शिवाय शाळांचं दुसरं सत्र चालू असतं, सकाळी मुलं येणार कुठून? शिबिर शाळा सुटल्यावर ठेवा, तेही शाळेच्या परवानगीने. नैरोबी सतराशे मीटरवर आहे. पहिले दोन दिवस पोरांना धाप लागेल आणि संध्याकाळी स्वेटर लागेल. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून लोक चार बनियन घेऊन येतात.

प्लास्टिकच्या कॅरीबॅग आणू नका. २०१७पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. बूट, चेंडू कापडी पिशव्यांत. चेंडूंची हवा काढून आणा, पंप बरोबर ठेवा.

जुने कपडे वाटायला आणणार असाल तर तेही नको. इथे त्याला मितुंबा म्हणतात, बाजारच्या बाजार भरलेले आहेत.

फुटबॉलबद्दल तुमची शंका रास्त आहे. मथारे ही इथली प्रचंड झोपडवस्ती. तिथे १९८७पासून मुलांची संघटना आहे, स्वतःच्या लीग चालवतात. वस्तीतला कचरा उचलला की संघाला गुणतक्त्यात गुण मिळतात. म्हणजे सामना हरलात तरी गटार साफ करून वर चढता येतं. त्या पोरांना तुमची पोरं काय शिकवणार? खेळायला बोलवा, हरा, चहा प्या.

रोखठोक

एवढा खर्च करण्यापेक्षा तेच पैसे नगरमधल्या मैदानावर लावा की.

धागाकर्ती

रोखठोक, हे मी स्वतःला रोज विचारते. पण वडे विकून आलेले पैसे ज्या कारणाने मागितले त्याच कारणाला लावावे लागतात.

पार्कलँड्सकर दादा, मितुंबाचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे दोन पोती जुने टीशर्ट बांधून तयार आहेत. आयोजकांना कसं सांगू?

मैदानी_मावशी

मी दोनदा अशा संघाबरोबर गेले आहे, श्रीलंकेला. दोनच सांगते. कुठल्याही मोठ्या माणसाने तिथल्या एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, प्रार्थनेसाठीसुद्धा नाही. आणि तिथल्या लेकरांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकायचे नाहीत. आमच्या एका पोराने अनवाणी मुलाला कडेवर घेऊन फोटो टाकला, खाली बायबलमधलं वचन. त्या मुलाच्या आईने तो पाहिला, तिने काय विचारलं असेल ते तुम्हीच ठरवा.

बाकी, तुम्ही पीटीच्या बाई. तुमचा स्वतःचा खेळ कोणता?

धागाकर्ती

खो-खो. विद्यापीठापर्यंत खेळले आहे.

मैदानी_मावशी

मग फुटबॉल कशाला घेऊन चालला आहात?

पार्कलँड्सकर

अगदी हेच लिहायला आलो होतो. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात केनियाचे संघ होते. म्हणजे खेळ इथे पोचलाय, पण शाळाशाळांत शिकवणारं माणूस सहसा नाही. तुमच्या मुली तो रोज खेळतात. त्यांनाच शिकवायला पुढे करा, मुलगे पाटीवर बसतील.

धागाकर्ती

दादा, मावशी, काल मुलींना विचारलं. सगळ्यात लाजरी मुलगी म्हणाली, "बाई, मग इंग्रजीत भाषण नाही ना करायचं? नुसतं खो म्हणायचं?" पाळकसाहेबांना पटलंय. आयोजक कुरकुरताहेत, त्यांनी फुटबॉलचे टीशर्ट छापून घेतलेत. ईटीएच्या अर्जात खरं कारण लिहायचं ठरलं. लस पुढच्या आठवड्यात. पोती इथेच राहणार.

आता एकच. खांब कसे आणू? जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर यायला हवेत, विमानात कोण घेणार?

पार्कलँड्सकर

आणू नका. निलगिरीचे वासे इथे ढिगाने मिळतात, तासून, कडा गुळगुळीत करून ठेवतो. आणि मैदान मुरमाचं आहे. इथेही त्याला मरमच म्हणतात, आपल्यासारखाच शब्द. सूर मारणाऱ्या मुलींना गुडघ्याच्या पट्ट्या घेऊन यायला सांगा.

धागाकर्ती

सहा जोड लिहून घेतले. माझा सातवा.