मदत हवी आहे : कारवान कुत्रीचा सरकारमान्य कागद कुठे मिळतो?

माणदेशी :
आमच्याकडे कारवान मादी आहे. आजोबांपासून हीच जात. पिल्लू घ्यायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "सरकारमान्य आहे का? कागद दाखवा." जनावरांच्या दवाखान्यात गेलो, पंचायत समितीत दोन चकरा झाल्या, कुणाला काही माहीत नाही. नेमकं कुठे जायचं? घाई आहे.

रानवाट :
वय किती? नर कुणाचा? ओळखीची मायक्रोचिप बसवली आहे का? बाजूने उभा फोटो टाका.

कृष्णाकाठ :
दादा, सरकार एकेका कुत्र्याला मान्यता देत नाही. गुरांच्या खिल्लार किंवा लाल कंधारीसारखी अख्ख्या जातीची नोंद होते, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत. कुत्र्यांपैकी राजापालयम, चिप्पीपराई, मुधोळ तिथे आहेत, २०२५ मध्ये गद्दीही आला. वंशावळीचा कागद चेन्नईचा केनेल क्लब ऑफ इंडिया देतो. ती सरकारी कचेरी नाही.

घोडखिंड :
मग मुधोळ म्हणून सांगा की! कुत्रं तेच. मुधोळच्या राजांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला याच कुत्र्यांची जोडी दिली होती. २००५ ला पोस्टाच्या तिकिटावरही मुधोळच.

कृष्णाकाठ :
असं अजिबात करू नका. केनेल क्लबात ही जात 'कारवान हाउंड' नावानेच आहे. नाव बदलून पिल्लू विकलं तर ती घेणाऱ्याची फसवणूक.

घोडखिंड :
फसवणूक कसली? मुधोळ ज्या जिल्ह्यात आहे त्या बागलकोटला जाऊन बघा, मग बोला.

आक्का_जत :
मादीला उन्हाळ्यात भाकरी ताकात कुस्करून द्या. नुसतं मटण घालू नका. आणि पहिल्या माजावर लावू नका, पोरं हेच करतात.

माणदेशी :
खाण्याचं विचारलं नव्हतं, आक्का. मादी तीन वर्षांची, चिप नाही. नर शेजारच्या गावचा, पश्मी. कानाला, शेपटीला लांब केस. पिल्लं पाच आठवड्यांची झालीत, रविवारी दोन जायची आहेत.

रानवाट :
अहो, हे आधी सांगायचं! आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. सरकारी कागद म्हणाल तर हाच, आणि तो तुमच्या नावाचा, कुत्रीच्या नाही. रविवारचं गिऱ्हाईक थांबवा. नराचाही फोटो टाका, मालकाला विचारून.