स्प्रिंगला इटालियनमध्ये काय म्हणतात? अर्जंट!!

खटपट्या: लोकहो, सकाळपासून एका शब्दानं डोकं उठवलंय. स्प्रिंगला इटालियनमध्ये काय म्हणतात? तीनच्या आत मिलानला कोटेशन जायचंय. मशीनचं भाषांतर नको, त्यावरूनच साहेब ओरडलेत.

भटकी मांजर: प्रिमावेरा. बोत्तिचेल्लीचं याच नावाचं चित्र फ्लॉरेन्सला उफ्फीत्सी संग्रहालयात आहे. आमचे दोन तास रांगेतच गेले. मे महिन्यात मुळीच जाऊ नका.

वारजेकर: पाण्याचा झरा असेल तर सोर्जेन्ते. तुम्हाला कोणता अर्थ हवाय?

खटपट्या: अहो, कोटेशनमध्ये वसंत ऋतू विकू का? मशीननं तेच प्रिमावेरा दिलंय! भोसरीत कारखाना म्हटल्यावर कळत नाही का?

वारजेकर: भोसरी आत्ता म्हणालात.

रिटायर्ड फिटर: मोल्ला. स्त्रीलिंगी, अनेकवचन मोल्ले. दाबाची असेल तर मोल्ला आ कोम्प्रेस्सियोने, ताणाची मोल्ला आ त्रात्सियोने, पिळाची मोल्ला आ तोर्सियोने. ‘ल’ दोनदाच लिहा. एकदा लिहिलात तर मोला, म्हणजे ग्राइंडिंगचं चाक.

जर्मनप्रेमी: त्यापेक्षा जर्मन शिका. स्प्रिंगला फेडर, विषय संपला.

रिटायर्ड फिटर: फेडर म्हणजे पक्ष्याचं पीससुद्धा. तिथेही घोळ आहेच. आणि गिऱ्हाईक मिलानचं आहे हो.

जर्मनप्रेमी: पुण्यात इटालियनवर कुणाचं पोट भरलंय?

खटपट्या: भांडण नंतर. काका, ‘मोल्ला, ट्रकच्या मागच्या चाकाची, सात पट्ट्यांची’ असं टाकतोय. पाठवू ना?

रिटायर्ड फिटर: थांबा! पट्ट्यांची, म्हणजे पाटे आहेत होय? मग नुसतं मोल्ला लिहिलं तर तो वेटोळ्याची समजेल. पाट्याला बालेस्त्रा. अनेकवचन बालेस्त्रे.

खटपट्या: आम्ही ट्रकचंच काम करतो, पाटेच असणार ना. यात सांगायचं काय?

वारजेकर: 😀 बालेस्त्रा म्हणजे ते आडवं धनुष्य ना, बाण सोडायचं?

रिटायर्ड फिटर: तेच. वाकवलेल्या पट्टीतच जोर साठवायचा, दुसरं काय! आपल्याकडेही कमान म्हणजे धनुष्य आणि घड्याळातली स्प्रिंगसुद्धा. माझे वडील घड्याळाला किल्ली देताना ओरडायचे, ‘कमान तुटेल!’

खटपट्या: गेलं मेल, दोन पन्नासला. काका, भोसरीला आलात की चहा माझ्याकडे.

भटकी मांजर: एक राहिलंच. उफ्फीत्सी सोमवारी बंद असतं.