आमचा श्रोता म्हणजे बसस्टॉपवरचा भेळवाला

कॉलेज रेडिओ ऐकणारं कोण असतं म्हणे! अहो, होते ना. आमचं स्टेशन छोटंसं, नियमाप्रमाणे ताकद १०० वॅट, म्हणजे आवाज पोचणार ५-१० किलोमीटर, त्यात मुंबईतल्या टॉवरांच्या मागे गेलं की नुसती खरखर. आई कल्याणला, तिने माझा एकही शो कधी ऐकला नाही, पण गेटबाहेरच्या बसस्टॉपवरचा भेळवाला रोज ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी "काल फार बडबड केलीस" असं तोंडावर सांगायचा, खरंच होतं ते :)

मानधन शून्य, कटिंग आणि वडापाव तेवढा मिळायचा. स्वतः तयार केलेल्या बातम्या द्यायला बंदी, मग पावसात लोकल ठप्प झाल्या की आम्ही नुसती गाणी लावून "घरी फोन करा रे" एवढंच म्हणायचो. एकदा गाणं संपलं आणि माईकचा फेडर, म्हणजे आवाज वर-खाली करायची पट्टी, वर घ्यायलाच विसरले, दोन मिनिटं मी जीव तोडून बोलतेय आणि बाहेर पूर्ण शांतता!! भेळवाला म्हणाला, कालचा शो बरा होता.

अजूनही ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलायच्या आधी मी दोनदा बघते, माईक चालू आहे ना.